नंदाच्या ताटातला पहिला घास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, केंद्रातल्या पोरींना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय ते तुमच्यावर फार भरवसा आहे म्हणून, असंही समजू नका. भरवसा ठेवणं माझ्या स्वभावात नाही. कोळीण ओळखीची असली तरी मी पापलेटाचे कल्ले उघडून बघते, आणि ती वर बघून कपाळाला हात लावते. पण कुठेतरी बोलायलाच हवं ना? किती दिवस गिळत बसायचं?

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. परळला एका जुन्या शाळेच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत आमचं केंद्र आहे. मनाच्या आजाराची माणसं सकाळी येतात, संध्याकाळी घरी जातात. मधल्या वेळात कुणी कागदी पिशव्या करतं, कुणी भाजी निवडतं, कुणी नुसतंच बसतं. नुसतं बसणं हेही आमच्याकडे चालतं. घरी नुसतं बसलं की शिव्या खाव्या लागतात, आमच्याकडे चहा मिळतो. मी तिथली कार्यकर्ती. शिक्षण बेताचं, पण वर्षं खूप काढलीत, त्यामुळे सगळे पुष्पाताई-पुष्पाताई करतात. मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू — फार आवडतं.

आता त्या बैठकीचं. मोठ्या इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरच्या डोक्यातून ती निघाली. एकाच माणसाला इस्पितळ गोळ्या देतं, दिवसा आम्ही सांभाळतो, आणि घरातून बाहेर पडलेली बाई असेल तर ठाकूरद्वारच्या वाडीतलं एक घर तिला ठेवून घेतं. पण यातल्या एकाचं दुसऱ्याला काही माहीत नसतं. माणूस बिचारा प्रत्येक दारात पहिल्यापासून आपली कहाणी सांगत फिरतो, आणि सांगून सांगून दमला की कुठेच जात नाही. तेव्हा महिन्यातून एकदा सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचं, आणि ज्याला जे ठाऊक आहे ते मोकळेपणी सांगायचं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. हे मी त्याच्यासमोर कधी म्हटलं नाही, इथे म्हणते.

मोकळेपणी! अहो, काय सांगू तुम्हाला त्या बैठका. सगळे हसून बसायचे, बटाटेवडे यायचे, एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी व्हायची. आणि मनात? इस्पितळवाल्यांना वाटायचं, संस्थावाले मिरवायला बसलेत. आम्हाला वाटायचं, इस्पितळ आपली गर्दी आमच्या गळ्यात मारतंय. आणि ठाकूरद्वारचं घर चालवणाऱ्या माधवी मॅडमबद्दल मला वाटायचं की ही बाई माणसं पळवते.

का वाटायचं? एक कार्यक्रम झाला होता. आमच्या केंद्रात सावरून उभी राहिलेली एक बाई पुढे माधवी मॅडमच्या घरात राहायला गेली होती. तिचा हसरा फोटो त्या दिवशी पडद्यावर आला, खाली नाव त्यांच्या घराचं. आमचं नाव मला कुठे दिसलं नाही. मी उशिरा पोचले होते, हेही खरं आहे. माझ्या आधी दाखवलं असेल. विचारलं असतं तर लगेच कळलं असतं. मी विचारलं नाही — आजतागायत विचारलेलं नाही. कारण नाव होतं असं निघालं असतं, तर मी रागावले कशावर असते? तो राग मला हवा होता. घरी भांडी घासताना मी तो रोज थोडा थोडा उगाळायचे.

बघा, मी पुन्हा माधवी मॅडमबद्दलच बोलतेय. सांगायचं होतं नंदाबद्दल.

नंदा लालबागची. बाप गिरणीत होता, गाव मालवणच्या बाजूला. आईबाप गेल्यावर चाळीतल्या एका खोलीत भाऊ वसंत, त्याची बायको, त्यांची मुलगी आणि ही. उंच, काटकुळी, केसांची घट्ट वेणी, आणि नजर सतत तुमच्या हातांवर. तोंडाकडे ती बघायचीच नाही. तुमचे हात काय करतायत ते बघायची. तरुणपणी आजार आला तो गेलाच नाही, कमी-जास्त होत राहिला. तिचा संशय एकच — जेवणात काहीतरी कालवलेलं आहे. कोण कालवतं, का कालवतं, ते ती कधी सांगायची नाही. पण सोललेलं केळं ती खायची नाही, स्वतः सोललेलं खायची. अंडं उकडून कवचासकट हातात दिलं तर खायची. बाकी ताट समोर ठेवलं की हात मांडीवर. आणि पोटात काही नाही म्हणून गोळी पण घ्यायची नाही, कारण गोळी जेवणानंतरची आहे हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणजे जेवण अडलं की सगळंच अडलं.

पहिल्यांदा वसंत तिला घेऊन आला तेव्हा रडकुंडीला आला होता. "खाणा नाय ओ ती. काय करूचा, तुमीच सांगा." त्याची बायको मागे उभी होती. ती वाईट बाई नव्हती. तिने मला बाजूला घेऊन विचारलं की ताई, मी इतकी वर्षं हिला रांधून घालतेय, आणि ही माझ्याकडे अशी बघते जणू मी उंदराचं औषध घातलंय — मला काय वाटत असेल? मी तिला समजावलं, आजार आहे, मनावर घेऊ नका. आम्ही असंच सांगतो. दुसऱ्याला सांगायला सोपं असतं.

मग एक दिवस झालं असं की मी डबा खात बसले होते. सुकटीची चटणी आणि भाकरी. अर्धी भाकरी खाल्ली आणि फोन आला म्हणून उठले. परत येऊन बघते तर नंदा माझ्या जागेवर बसून माझी भाकरी खातेय. तीही कशी? मी जिथे दात लावले होते त्याच बाजूने. नवी, न मोडलेली भाकरी डब्यात तशीच होती, तिला तिने हात लावला नव्हता.

माझ्या लक्षात आलं. मी खाल्लेलं तिला चालत होतं. मी गिळलं आणि मला काही झालं नाही, हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमचं ते सुरू झालं. कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून आम्ही दोघी बसायचो. ताट माझ्यासमोर. मी प्रत्येक पदार्थातला घास घ्यायचे, चावायचे, गिळायचे, आणि ताट न पुसता तिच्याकडे सरकवायचे. बोलायचं मात्र काही नाही. एकदा मी शहाणपणाने म्हटलं, बघ नंदा, मी खाल्लं, आता तू खा. झालं! तिने ताट ढकललं. आग्रह केला की तिचा संशय दुप्पट व्हायचा. गप्प बसून खायचं, सरकवायचं, दुसरीकडे बघायचं. एवढंच होतं ते. त्यात विद्या काही नव्हती. कुणालाही जमलं असतं.

आणि नेमकं तेच मी कुणाला कळू दिलं नाही.

केंद्रातल्यांना वाटलं, नंदाला पुष्पाताईंचा लळा लागला. मी ते तसंच वाटू दिलं. आधी कारण साधं होतं — उष्टं भरवतेय म्हटलं तर लोक काय म्हणतील? ट्रेनिंगमध्ये असलं काही शिकवत नाहीत. डॉक्टर म्हणाला असता, ताई, स्वच्छतेचं बघा जरा. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

आम्ही नायगावच्या चाळीतले, बौद्ध. माझी आजी दादरला एका घरी धुणीभांडी करायची. तिथे तिच्या चहाचा कप वेगळा असायचा, खिडकीत उपडा घातलेला. आई मला लहानपणी तिथे घेऊन जायची तेव्हा मी तो कप बघितलाय. त्याचा कान मोडलेला होता. आणि आता ही नंदा, मालवणकडची, देवाधर्माच्या घरातली, साऱ्या जगात फक्त माझं उष्टं खात होती. सख्ख्या भावाच्या बायकोच्या हातचं नाही, माझ्या दाताखालचं. तुम्हाला कळतंय मला काय होत असेल? ती खायला लागली की माझा ऊर भरून यायचा. आजीला दाखवावंसं वाटायचं. हे कारण खरं आहे, पण ते मी माझ्या बचावासाठी पुढे करत नाही. आजीने कुणाचा घास अडवला नव्हता. तो मी अडवला.

हळूहळू नंदा सुधारली. घरी केळी-अंड्यांवर भागवायची, पण केंद्रात जेवत होती म्हणून गोळ्या घेत होती, गोळ्या घेत होती म्हणून झोपत होती. अंगावर थोडं मांस चढलं. पिशव्यांच्या कडा इतक्या सरळ दुमडायची की दुकानदार तिच्याच पिशव्या मागायचा. कधीतरी हसायची पण. आणि मग त्यांची चाळ पाडायचं ठरलं. टॉवर होणार होता. तोवर भाड्याने कुठेतरी लांब राहायचं, तिथे आणखी छोटी खोली, वहिनीच्या माहेरचीही दोन माणसं असणार. वसंत माझ्याकडे येऊन नुसता बसून राहिला. मीच म्हटलं, बैठकीत विचारते.

ठाकूरद्वारच्या घरात एक जागा रिकामी होत होती. माधवी मॅडम म्हणाल्या, आणा, बघू द्या तिला घर. वसंत आणि मी नंदाला घेऊन गेलो. लाकडी जिना, वर दोन खोल्या, चार बायका मिळून स्वयंपाक करतात, सोबतीला एक मावशी. रिकामी कॉट खिडकीखाली होती. खिडकीतून खाली वाडीतलं छोटं देऊळ, त्याची घंटा, आणि समोरच्या घराच्या कठड्यावर वाळत घातलेली लुगडी. नंदा त्या कॉटवर बसली आणि उठेचना. चाळीत ती इतकी वर्षं पलंगाखाली अंथरूण घालून झोपली होती — पलंगावर भाऊ-भावजय, खाली ही. तिने खिडकीचा गज धरला आणि म्हणाली, "ही माझी ना?"

येताना बसमध्ये तिने माझा हात धरून ठेवला होता. एरवी ती कुणाला शिवत नाही. लालबाग येईपर्यंत तिने मला पुन्हा पुन्हा एकच विचारलं, तिथे मला ठेवतील ना गो पुष्पा? मी म्हटलं, ठेवतील की. का नाही ठेवणार?

आणि पोटात मात्र माझ्या दुसरंच चाललं होतं. म्हणजे ही पण गेली. आता हिचाही फोटो पडद्यावर येणार. नंदाताईंनी आमच्या घरात पुन्हा आयुष्य सुरू केलं, असं खाली लिहिणार. आणि मी? मी मागच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवणार.

पुढची बैठक. डॉक्टर, माधवी मॅडम, मी, आणखी दोघं-तिघं. माधवी मॅडमनी सरळ मला विचारलं — नुसतं तिच्याबद्दल सांगा असं नाही, नेमकं विचारलं. ही बाई नेमकं विचारते, हे पण मला खुपायचं. "पुष्पाताई, तुम्ही तिला सगळ्यात जवळून बघता. तिच्या खाण्याचं पूर्वी अवघड होतं ना? आम्ही काही खास करायला हवं का?"

आता थांबते जरा. कारण इथेच ते आहे.

"काही नाही मॅडम," मी म्हटलं. "आता व्यवस्थित जेवते."

तुम्ही म्हणाल, विसरले असेन, ओशाळले असेन, सगळ्यांसमोर उष्ट्याचं कसं बोलायचं असं झालं असेल. नाही हो. मला सगळं आठवत होतं. मी तोंड उघडलं तेव्हा खरं वाक्य जिभेवर तयार होतं आणि मी ते मागे ढकललं. मला वाटलं, घेऊन जा म्हणावं. बघू कशी जमते. अडलं म्हणजे येतील माझ्या दारात. नंदाचं काय होईल हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही. त्या टेबलाशी मला फक्त माधवी मॅडम दिसत होत्या. नंदाबद्दल बोलायला बसलो होतो आम्ही, आणि मला नंदाच दिसत नव्हती.

ठाकूरद्वारच्या घराची रीत अशी की आधी काही आठवडे राहून बघायचं. रुळली तर जागा तिची. नाही रुळली, तब्येत बिघडली, तर जागा पुढच्या बाईला. पुढच्या बायका खूप असतात. हेही मला माहीत होतं.

नंदा तिथे राहायला गेली, तिचं केंद्रात येणं थांबलं, आणि थोड्याच दिवसांत माधवी मॅडमचा फोन आला. केळी आणि अंड्यांवर चाललंय, ताट तसंच परत येतं, गोळ्या घेत नाही, तुमच्याकडे काय करायची? दुसरी संधी होती ती. कुणी ऐकत नव्हतं, एकटी होते, बोलायला लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, नवी जागा आहे, रुळेल. फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. त्या दिवशी मी केंद्रातल्या पोरींना स्वतःहून चहा करून दिला.

पुन्हा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. तुम्ही एकदा येऊन जाल का ताई, म्हणाल्या. मी डबा घेऊन गेले.

नंदा खिडकीखाली बसली होती. ओठ फाटलेले, गालांची हाडं वर आलेली. मला बघून ती सरकली आणि कॉटवर मला जागा केली. मी माधवी मॅडमना म्हटलं, तुम्ही जरा बाहेर बसा. दार लावून घेतलं. का लावलं? त्यांनी बघू नये म्हणून. ताटात डबा काढला, वरणभात आणि भेंडी, घास घेतला, गिळला, ताट सरकवलं, देवळाकडे बघत बसले. नंदा जेवली. ताट चाटूनपुसून जेवली हो. मग गोळी मागून घेतली.

मी रिकामं ताट हातात घेऊन बाहेर आले. बाहेर चारही बायका, मावशी आणि माधवी मॅडम उभ्या होत्या. माधवी मॅडमनी त्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कसं केलंत ताई, त्यांनी विचारलं. आम्हाला सांगा, आम्ही तसंच करू.

मी काय म्हटलं असेल?

"माया लागते मॅडम."

हे वाक्य मी रोज ऐकते, माझ्याच आवाजात. टेबलाशी बोलले ते खोटं, फोनवर बोलले ते खोटं, पण हे नुसतं खोटं नव्हतं. ते मी त्यांना लागावं म्हणून बोलले. आणि लागलं. त्यांची मान खाली गेली. त्या बाईने माझ्यावर विश्वास ठेवला — मी असते तर ठेवला नसता. त्यांना खरंच वाटलं की आपल्या घरात माया कमी पडते. आणि मग त्यांनी काय केलं? माया केली. सगळ्यांनी मिळून नंदाला गोडीगुलाबीने भरवायला सुरुवात केली. आज तुझ्या आवडीचे तांदळाचे वडे, आज तुझ्यासाठी खास सोलकढी, एक घास गं, माझ्यासाठी एकच घास. जे अजिबात करायचं नव्हतं तेच, आणि ते मीच त्यांना करायला लावलं होतं. आपल्याभोवती बसून सहा बायका आग्रहाने खायला घालतायत, हे बघून नंदाला काय वाटलं असेल? ती आधीच ज्याला भीत होती ते तिच्या डोळ्यांसमोर घडत होतं.

मी पुन्हा गेले नाही. केंद्रात काम आहे म्हणून सांगितलं. काम रोजच असतं.

शेवटी तिने पाणीही सोडलं. एका दुपारी भोवळ येऊन जिन्यात पडली. इस्पितळात नेलं, सलाइन लावलं, ते तिने ओढून काढलं, मग हात बांधले. गोळ्या इतके दिवस बंद होत्या, त्यामुळे आजार सगळा उसळून वर आला. वसंत भाड्याच्या खोलीतून धावत आला, मीही इस्पितळात पोचले. घरी नेऊ शकत नव्हता. ठाकूरद्वारला रुळली नाही, असं ठरलं होतं. मग शहराबाहेरच्या मोठ्या सरकारी मनोरुग्णालयाच्या कागदांवर त्याने सही केली. सही करताना माझ्याकडे बघून म्हणाला, ताई, तुमी खूप केलात तिच्यासाठी. मी मान हलवली. आता बोलावं की नाही? तेव्हाही बोलता आलं असतं. वरच्या मजल्यावर डॉक्टर बसला होता, एक जिना चढायचा होता. मी वसंतसाठी चहा आणायला खाली गेले.

त्यानंतरच्या बैठकीत माधवी मॅडम उभ्या राहून बोलल्या. कुणाला दोष दिला नाही. म्हणाल्या, नंदाच्या बाबतीत आम्ही कमी पडलो, काही माणसांना जे जमतं ते आम्हाला शिकायला हवं. आणि त्यांनी माझं नाव घेतलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मला ज्या टाळ्या हव्या होत्या ना, त्याच. मी हातातला वडा खाल्ला. खाल्ला हो, सगळा खाल्ला.

मी नंदाला भेटायला जाते. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरला मी एका दमात सांगून टाकलं — हिच्यासमोर आधी कुणीतरी त्याच ताटातला घास खायचा, काही बोलायचं नाही, ताट सरकवायचं. सिस्टर म्हणाली, एवढंच? मग त्यांच्यातली एक मावशी तिची ड्यूटी असेल तेव्हा तसं करायला लागली. नंदा जेवते आता. सांगायला मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. सिस्टरने हेही विचारलं नाही की हे आधी कुणाला सांगितलं होतं का. तिला विचारायचं कारणच नव्हतं. मी तिथून निघून बाहेरच्या बसस्टॉपवर बसले आणि खूप रडले. पण रडण्याचं काय, ते मी माझ्यासाठीच रडत होते.

ठाकूरद्वारच्या त्या खिडकीखाली आता दुसरी बाई झोपते. चांगली रुळलीय म्हणे. माधवी मॅडमना मी अजून काही सांगितलेलं नाही. बैठका चालू आहेत. त्या माझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवतात, आणि अवघड कुणी आलं की आधी मला विचारतात. मी आता सगळं सांगते, विचारलं नाही तरी सांगते. डॉक्टर म्हणतो, पुष्पाताईंकडून शिकावं, हातचं काही राखून ठेवत नाहीत. मी ऐकून घेते.

नंदाची वेणी तिथे कापली. मान बारीक दिसते. वॉर्डाला खिडक्या आहेत, पण उंच आहेत, कॉटवरून काही दिसत नाही. मी गेले की ती हळू आवाजात तेच विचारते, दर वेळी, अगदी तशाच शब्दांत. "मी नीट वागले नाय, म्हणून नाय ठेवल्यानी गो तिथे?" तिला वाटतं, चूक तिची झाली. काय चुकलं ते आठवायचा ती प्रयत्न करते. एकदा म्हणाली, खिडकीच्या गजावर मी पदर वाळत घातला होता, त्याचा राग आला असेल का त्यांना?

मी नाही म्हणते. त्यापुढचं म्हणत नाही.

मग मी डबा उघडते. भात, कधी सुकटीची चटणी, भाकरी. ती माझ्या हातांकडे बघत असते. मी घास घेते, चावते, गिळते, ताट सरकवते आणि दुसरीकडे बघते. ती निवांत जेवते. मी दिलेल्यात काही कालवलेलं नसतं, असं तिला अजून वाटतं.